सोललेल्या डाळिंब्यांचा वाटा

[दृश्य: दादर पश्चिम, संध्याकाळची गर्दी]

साडेसहा वाजलेत. ऑफिसं सुटली. कुणाला ठाणं गाठायचंय, कुणाला विरार. स्टेशनात शिरण्याआधी काही जणी भाजी विकणाऱ्या मावशींच्या गोणपाटापाशी थांबतात. निवडलेली मेथी, चिरलेली गवार, मोडाची मटकी. आणि सोललेल्या डाळिंब्या, म्हणजे मोड आणून साल काढलेले वाल.

या डाळिंब्यांचं काम सुरू झालं परवा रात्री.

[दृश्य: मावशींचं घर, पातेल्यात वाल]

रायगडात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. हे तेच कडवे वाल. रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसायचे, ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे. थंडीत मोड यायला उशीर लागतो, म्हणून गाठोडं शेगडीच्या उबेला. मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात, म्हणजे साल सुटतं.

आणि मग हे.

[जवळून: बोटं, वाल]

वाल चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा. दाणा टुपकन बाहेर. जोर जास्त झाला तर त्याच्या दोन डाळी होतात, आणि तुटका माल गिऱ्हाईक बाजूला सारतं. म्हणून बोटांत घाई नाही. पाण्याने टोकं सुरकुतलीत, तरी बोलता बोलता हात चालूच. सून बसली, शेजारीण येऊन बसली. मधलं पातेलं भरायला अख्खी दुपार जाते.

[निवेदन नाही. फक्त सालं पडण्याचा आवाज.]

मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं. लोह अडवून धरणारे फायटेट कमी होतात, आणि खाल्लेलं लोह अंगी लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. तेव्हा ‘कडधान्यं खा’ हा सल्ला रास्तच. फक्त भिजवायची आठवण, बांधायचं फडकं आणि सोलायची दुपार कुणाची, हे त्या सल्ल्यात नसतं. २०१९ च्या देशभरातल्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामाची दिवसाची सरासरी निघाली २९९ मिनिटं. पुरुषांची ९७. नोकरी असलेल्या बाईने यातून सोलायला दुपार काढायची कुठून? ती दादरच्या या गोणपाटावरून विकत घेते.

“पन्नासला द्या ना मावशी.”

“ताई, घरी सोलून बघा एकदा.”

ताई हसतात आणि साठ रुपये काढून देतात.

स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे. पालिकेची गाडी आली की गोणपाट गुंडाळावं लागतं.

[दृश्य: डोंबिवली, स्वयंपाकघर]

पर्स अजून खुर्चीवरच. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. डाळिंब्या घालून वर ताट, ताटात पाणी. वाफ धरली की तेच गरम पाणी आत ओतायचं. मग गूळ, आमसूल, तिखट, मीठ. डाव फार फिरवायचा नाही, दाणा अखंड राहायला हवा. वरून ओलं खोबरं.

एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागली. मुलगा पोळ्यांचा डबा घेऊन आलाय, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या. बाई आधी उद्याचे दोन डबे भरून घेतात, मग ताटं मांडतात.