गुडघ्याची गोळी आणि जठराचे अस्तर

श्रोतेहो, गुडघे, कंबर, मान किंवा टाच दुखते म्हणून महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांचा जठरावर काय परिणाम होतो, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पोटविकारांचा डॉक्टर म्हणून मी या प्रश्नाकडे शेवटच्या टोकाकडून पाहतो. गुडघा दुखू लागला की रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, किंवा थेट मेडिकलमध्ये जाऊन गोळी मागतो. माझ्यापर्यंत तो पोहोचतो तेव्हा त्याला रक्ताची उलटी झालेली असते किंवा त्याचे हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते, आणि त्याचा गुडघ्याच्या गोळीशी काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

प्रथम कोणत्या गोळ्यांबद्दल आपण बोलत आहोत ते स्पष्ट करतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, पिरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, पाळीच्या दुखण्यासाठी दिले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड आणि या सर्वांत जुने ॲस्पिरिन ही दुखणे आणि सूज दोन्ही कमी करणारी औषधे एका गटात मोडतात. ब्रुफेनमध्ये आयब्युप्रोफेन असते, व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक, झिरोडॉलमध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल. क्रोसिनमधले नुसते पॅरासिटामॉल मात्र या गटातले नाही, आणि नेहमीच्या मात्रेत ते जठराला फारसे त्रासदायकही नाही. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘पेनकिलर’ म्हटले जाते आणि वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या वेगळी औषधे समजून एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेणारे रुग्ण मला नेहमी भेटतात.

जठरात दिवसभर जे आम्ल तयार होते ते इतके तीव्र असते की खाल्लेले मांस त्यात विरघळू लागते, आणि तरीही जठर स्वतः शाबूत राहते. त्याचे श्रेय जठराच्या आतल्या नाजूक अस्तराला आहे. हे अस्तर स्वतःवर श्लेष्माचा जाड थर राखते, त्या थरात आम्लाला निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट सोडते, आणि खालून भरपूर रक्तपुरवठा मिळत असल्यामुळे झीज झालेल्या पेशींच्या जागी लगेच नव्या पेशी आणते. ही तिन्ही कामे करण्याचा निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांकडून येतो. सुजलेल्या सांध्यात वेदना निर्माण करणारी रसायनेही याच कुटुंबातली असतात, आणि सगळ्या अडचणीचे मूळ इथेच आहे. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच थांबवतात. पुढे १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन थांबवते तसे जठरातलेही थांबवते, आणि सांध्याला मिळणारा आराम व जठराला होणारी इजा ही एकाच क्रियेची दोन फळे ठरतात.

इजा होते हे मात्र व्हेन यांच्या आधीच ठाऊक झाले होते. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आले, आणि १९३८ साली डाउथवेट आणि लिंटॉट या दोन इंग्रज डॉक्टरांनी त्या काळच्या दुर्बिणीने रुग्णांच्या जठरात डोकावून ॲस्पिरिनमुळे अस्तर लाल होऊन खरचटल्यासारखे होते हे नोंदवून ठेवले. आज आम्ही एंडोस्कोपीत तेच पाहतो, फक्त पडद्यावर आणि कितीतरी स्पष्ट. जठराच्या शेवटच्या भागात लाल ठिपके दिसतात, त्यांच्या मध्यभागी वरचा पापुद्रा निघालेला असतो आणि कडेला रक्ताचे काळपट कण चिकटलेले असतात. काही रुग्णांत ही इजा खोलवर जाते आणि व्रण होतो. त्याचा तळ पांढरट-पिवळा असतो, कडा सुजून वर आलेली असते, आणि कधी त्या तळाशी एखाद्या रक्तवाहिनीचे टोक उघडे पडलेले दिसते. ते टोक पाहिले की त्या रुग्णाला रात्री घरी पाठवण्याचा विचार कोणताही डॉक्टर करत नाही.

इजा कशी होते हे समजले की सर्वत्र ऐकू येणाऱ्या काही समजुती तपासून पाहता येतात. “डॉक्टर, मी कधीच उपाशीपोटी घेत नाही, जेवूनच घेतो,” हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते हे खरे आहे, आणि तसे जरूर करावे. पण गोळीचा अस्तराला होणारा प्रत्यक्ष स्पर्श हे इजेचे एक लहानसे कारण आहे. मुख्य इजा औषध रक्तात मिसळल्यावर, रक्तावाटेच होते. म्हणून आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या आवरणाची गोळी घेतली, इंजेक्शन घेतले किंवा गुदद्वारातून औषध दिले, तरी व्रणाचा धोका टळत नाही. सांध्यावर चोळायच्या डायक्लोफेनॅकच्या जेलची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात पोहोचते, आणि गुडघा किंवा हाताची बोटे यांसारख्या कातडीजवळच्या सांध्यांना त्याचा चांगला उपयोगही होतो.

दुसरी समजूत याहून घातक आहे: पोट दुखत नाही, म्हणजे पोट ठीक आहे. ही औषधे नियमित घेणाऱ्यांची एंडोस्कोपी केली तर शंभरांतल्या साधारण पंधरा ते तीस जणांना व्रण आढळतो, पण त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. रक्तस्राव होणे किंवा जठराला छिद्र पडणे यांसारखी गंभीर अवस्था वर्षाला शंभरांतल्या एक ते दोन जणांवर ओढवते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना त्या दिवसापर्यंत पोटाची कसलीच तक्रार नसते. जी गोळी गुडघ्याची वेदना दडपते, तीच व्रणाचीही वेदना दडपत असावी, असे मानायला जागा आहे. वर्षाला एक-दोन टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ही औषधे घेणारे लोक किती आहेत हे ध्यानात घेतले की तो लहान राहत नाही.

रुग्णाकडून ही माहिती काढून घेणे किती कठीण असते ते एका प्रसंगावरून सांगतो. ऊसतोडीचा हंगाम संपताना एक पन्नाशीची बाई चक्कर येते म्हणून आली होती. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, चढ चढताना धाप. “मावशी, काही औषध चालू आहे का?” असे विचारले तर “नाही बा, कसलंच नाही,” हे उत्तर मिळाले. प्रश्न फिरवून, “अंग दुखल्यावर काय करता?” असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “ती होय, ती गोळी तर रोजचीच हाय. कोयता धरायच्या आधी एक घ्यायची, च्यावर.” मग तिने पदराच्या गाठीतून कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा काढला. त्यावर औषधाचे नाव अर्धेच उरले होते आणि मुदतीची तारीख कापलेल्या भागात गेली होती. पहाटे, उपाशीपोटी, चहाबरोबर, पूर्ण हंगामभर. तिच्या लेखी ते औषध नव्हते, भाकरीइतकीच रोजची गरज होती, आणि उचल फेडायची असल्यामुळे एक दिवस खाडा करण्याचीही तिला सोय नव्हती. गोळी बंद करा असे सांगणे मला सोपे होते, तिला ते पाळणे सोपे नव्हते, आणि या विषयावर बोलताना आम्ही डॉक्टरांनी ही बाजू विसरता कामा नये. डायक्लोफेनॅकसारखे औषध कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

धोका सर्वांना सारखा नसतो. वय ६५च्या पुढे असेल, पूर्वी कधी व्रण किंवा रक्तस्राव झालेला असेल, मात्रा मोठी असेल, किंवा एकाच वेळी या गटातली दोन औषधे पोटात जात असतील, तर तो झपाट्याने वाढतो. सोबत स्टेरॉइड, रक्त पातळ करणारे औषध किंवा नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तरीही तसेच. ज्याचा अनेकांना विसर पडतो ते म्हणजे हृदयासाठीचे छोट्या मात्रेचे ॲस्पिरिन, म्हणजे इकोस्प्रिन. ७५ मिलिग्रॅमची ती लहानशी गोळीही याच गटातली आहे, आणि तिच्यावर गुडघ्याची गोळी चढली की दोन औषधे झालीच. त्यातही आयब्युप्रोफेन आधी घेतले तर ॲस्पिरिनचा हृदयाला होणारा फायदा कमी होऊ शकतो. अशा रुग्णाने दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवल्याच पाहिजेत. शिवाय ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या काही बेनामी पुड्यांत तपासणीअंती डायक्लोफेनॅक आणि स्टेरॉइड सापडलेले आहे. पुडीने दोन तासांत आराम पडतो तेव्हा आनंद मानण्याआधी ती पुडी डॉक्टरांना दाखवावी.

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा उल्लेखही केला पाहिजे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन यांनी तो शोधला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या देशात हा संसर्ग फार मोठ्या प्रमाणावर आहे. जंतू आणि वेदनाशामक ही व्रणाची दोन स्वतंत्र कारणे आहेत, आणि दोन्ही एकत्र आली की धोका कितीतरी वाढतो. म्हणून ज्याला पूर्वी व्रण झाला आहे आणि ज्याला ही औषधे दीर्घकाळ घ्यावी लागणार आहेत, त्याने श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने या जंतूची तपासणी करून घ्यावी.

आता संरक्षणाबद्दल. ॲसिडिटीचे गुलाबी औषध प्याल्याने जळजळ शमते, व्रण टळत नाही. उलट, धोक्याची सूचना देणारी जळजळच नाहीशी होते. रॅनिटिडीनच्या नेहमीच्या मात्रेने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले व्रण कमी होतात, जठरातले होत नाहीत. खरे संरक्षण पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गटाकडून मिळते, पण ते नीट घेतले तरच. ही गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते आणि वेदनाशामक चालू असेल तितके सर्व दिवस घ्यायची असते, त्रास होईल त्या दिवशी नव्हे. मिसोप्रोस्टॉल हे औषधही परिणामकारक आहे, पण त्याने जुलाब होतात आणि गर्भवतीला ते चालत नाही, त्यामुळे ते मागे पडले. आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. आम्ल कमी करणारी ही औषधे जठराचे रक्षण करतात, पुढच्या लांबलचक लहान आतड्याचे नाही. तिथेही या गोळ्यांनी जखमा होतात आणि त्यांतून थेंबथेंब रक्त जात राहते. कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गिळलेल्या कॅप्सूलमधल्या कॅमेऱ्याने केलेली आतड्याची तपासणी, आल्यापासून हे उघड दिसू लागले. म्हणून पँटोप्रॅझोल चालू असतानाही हिमोग्लोबिन उतरत असेल तर ‘वयामुळे असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये.

जठराला धक्का न लावता सांध्यावर काम करणारे औषध शोधण्याचा मोठा प्रयत्न नव्वदच्या दशकात झाला. त्यातून सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधे आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ८ हजार संधिवात रुग्णांच्या चाचणीत रोफेकॉक्सिबने जठराच्या गंभीर तक्रारी नॅप्रोक्सेनच्या तुलनेत निम्म्यावर आणल्या, पण त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके अधिक दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये ते औषध जगभरातून मागे घेण्यात आले. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब आजही वापरात आहेत. ती जठराला तुलनेने सौम्य आहेत, पण हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी नाहीत. रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे हे तर या गटातल्या सर्वच औषधांना लागू आहे.

शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे झाले, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण आले, तर ते जठरातले रक्त आहे असे समजून त्याच दिवशी एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते घट्ट असते आणि त्याला तो वास नसतो. शंका असेल तर तपासून घेणेच बरे. पोटात अचानक सुरा खुपसल्यासारखी कळ आली आणि पोट फळीसारखे कडक झाले, तर छिद्र पडलेले असू शकते. गुडघ्याची गोळी त्या क्षणी बंद करावी. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेला असेल आणि ॲस्पिरिन चालू असेल, तर ते मात्र स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो, कारण स्टेंट बंद पडणे हा रक्तस्रावाइतकाच जिवावरचा प्रसंग आहे.

व्रण भरून आला की रुग्ण पुन्हा गुडघ्याचा प्रश्न घेऊन समोर बसतो, आणि तो प्रश्न टाळण्याचा आम्हाला अधिकार नाही. रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णांवर हाँगकाँगमध्ये फ्रान्सिस चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्या इथे मार्गदर्शक ठरतात. २००२ साली त्यांनी दाखवले की नुसते सेलेकॉक्सिब घ्या किंवा डायक्लोफेनॅकसोबत ओमेप्रॅझोल घ्या, सहा महिन्यांत अनुक्रमे ४.९ आणि ६.४ टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव झालाच. २००७ साली त्यांनी सेलेकॉक्सिबसोबत ओमेप्रॅझोलच्याच गटातले इसोमेप्रॅझोल दिले, तेव्हा वर्षभरात एकालाही पुन्हा रक्तस्राव झाला नाही, तर नुसत्या सेलेकॉक्सिबवर ८.९ टक्के जणांना झाला. म्हणजे अशा रुग्णाला गोळी टाळताच येत नसेल, आणि हृदय ठीक असेल, तर दोन्ही औषधे एकत्र, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस द्यावीत. त्याआधी पॅरासिटामॉल करून पाहावे. गुडघ्याच्या झिजेत त्याचा गुण मर्यादित असतो, आणि यकृत ठणठणीत असले तरी दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांपुढे जाऊ नये. जेल लावावे, वजन उतरवावे. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम रोज करावा: खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळून पाच-दहा सेकंद तसाच धरायचा, सावकाश खाली आणायचा, मग दुसरा. याचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर धीर धरायला रुग्णाच्या घरच्यांची साथ लागते.