चार दिवसांत गुण देणारी ट्यूब

(परळ. पालिका रुग्णालयाची स्किन ओपीडी. बाकड्यावर आई आणि कॉलेजातली मुलगी, हातात केसपेपर.)

मुरुमांचा पेशंट आत आला की डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी काय लावलंस?"

मुलतानी माती, चंदन. उष्णता वाढलीय म्हणून आजीनं दिलेला सब्जा. मग पर्समधून निघते पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. नाक्यावरच्या केमिस्टनं दिलेली. चार दिवसांत लाली उतरली होती, चेहरा उजळलाही होता.

उतरणारच. आत बेटामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. ते सूज दाबतं, मुरूम बरा करत नाही. लावणं थांबवलं की मुरुमं उसळून येतात, म्हणून माणूस पुन्हा लावतो. महिनोन्‌महिने असं चाललं की कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात. 2018 मध्ये सरकारनं अशी 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर तरी.

मुरुमाचं मूळ आत असतं. वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, मृत पेशींचा बूच रोमछिद्रात बसतो, आत जंतू वाढतात.

हा बूच सोडवतं अ‍ॅडापलीन नावाचं मलम. रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर. नुसत्या फोडावर ठिपका द्यायचा नाही. सुरुवातीला कातडी सुटते, आणि बरेच जण तिथेच घाबरून सोडतात. जोडीला जंतूंसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. त्यानं उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो, हे आईला आधीच सांगितलेलं बरं! मुरुमं जास्त असतील तर काही महिने डॉक्सिसायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिक: भरपूर पाण्याबरोबर, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून होणाऱ्या अंडाशयाच्या तक्रारीची, तपासणी.

गाठी येऊन खड्डे पडू लागले तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. गुण मोठा, अटीही कडक. ओठ फुटतात, रक्ततपासणी लागते. आणि गोळ्या चालू असताना, शिवाय बंद केल्यावर महिनाभर, गर्भ राहता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मुलीला हे स्पष्ट सांगावं लागतं, आई शेजारी बसलेली असली तरी.

आईची चिंता वेगळीच. "मॅडम, हिच्या दादाचं लग्न महिन्यावर आलंय. तोवर जाईल ना?"

अ‍ॅडापलीनचा गुण दिसायलाच दोन-तीन महिने लागतात. मॅडम केसपेपरवरून मान वर करतात.

"लग्नापर्यंत नाही हो. बारशाला बघा."