सायकल ट्रॅक अडतो कुठे? रस्ता मोजून बघूया

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आता सायकल चालवतं कोण? उगाच रस्ता अरुंद केला." हा वाद नुसता बोलून मिटत नाही. त्यासाठी टेप घेऊन रस्ताच मोजायला हवा.

18 मीटर रुंदीचा रस्ता घ्या. दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर फुटपाथ, झाले 5. दोन्हीकडे 2-2 मीटर सायकल ट्रॅक, म्हणजे 4. वाहनांसाठी 3 मीटरच्या दोन लेन, म्हणजे 6. उरले 3 मीटर. त्यातले अडीच एका बाजूच्या चारचाकी पार्किंगला, आणि अर्धा मीटर पार्किंग आणि ट्रॅक यांच्यामध्ये मोकळा. तो सोडायलाच लागतो. गाडीचं दार अचानक उघडलं की सायकलवाला थेट दारावर आदळतो. संपला रस्ता!

आता दुसऱ्या बाजूलाही पार्किंग पाहिजे म्हटलं, तर जागा आणायची कुठून? नकाशात कुणी ट्रॅक पुसत नाही. दुकानासमोर जागा नसते, म्हणून "दोन मिनिटांत येतो" म्हणत एक स्कूटर ट्रॅकवर चढते आणि साइड स्टँडवर उभी राहते. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. सायकलवाला नाइलाजाने बसच्या पुढ्यात उतरतो. आणि आपण म्हणतो, ट्रॅक कुणी वापरतच नाही.

महापालिकेने 2016 मध्ये शहरातल्या रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली आणि जंगली महाराज रस्त्याचं रूप पालटलं. तिथला रुंद फुटपाथ मला मनापासून आवडतो. म्हातारी माणसं बाकावर निवांत बसतात, पोरं खेळतात. सायकल मात्र तिथे सलग चालवता येत नाही, कारण आखणी बदलली तरी पार्किंगची शिस्त लागली नाही.

रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेणारं, म्हणजे पे पार्किंगचं, धोरण मार्च 2018 मध्ये मंजूर झालं. विरोध इतका झाला, की ते प्रयोग म्हणून 5 रस्त्यांपुरतंच ठेवलं. पुढे तेही वर्षानुवर्षं रखडलं.

पे पार्किंगला विरोध करणाऱ्या दुकानदारांनी जरा हा हिशोब बघावा. फुकट जागेत कुणी सकाळी 10 ला गाडी लावली आणि संध्याकाळी 6 ला काढली, तर 8 तासांत तिथे एकच माणूस आला. त्यातही तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक नसतोच, आसपास नोकरी करणारा असतो. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या तासाने मोकळी झाली तर 16 गाड्या लागतात. तासागणिक वाढत जाणारा दर हे काम करतो, आणि जागा मिळायला लागली की स्कूटरला ट्रॅकवर चढायचं कारण उरत नाही.

तुमच्या प्रभागात रस्त्याचं नवं डिझाइन आलं, तर ट्रॅक किती रुंद एवढंच विचारून थांबू नका. पार्किंग कुठल्या बाजूला? तासाचा दर किती? ट्रॅकवरची गाडी उचलणार कोण? हे लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या.