ओहोटीचं पाणी आणि अर्धा सेकंद

नमस्कार मंडळी. आज मला बोलायचंय लाँग एक्स्पोजरबद्दल, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोंबद्दल, आणि तेही आपल्या कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या. असे फोटो तुम्ही नक्की बघितले असतील, समुद्र असतो पण लाट एकही नाही, खडकांभोवती नुसतं धुकं उतरल्यासारखं दिसतं.

माझी आवडती जागा हरिहरेश्वर, श्रीवर्धन तालुक्यातलं. तिथली प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि मग दोन कड्यांच्या मधून अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरते. खाली आलात की समोर काळ्या खडकाचा रुंद सपाट ओटा, लाटांनीच वर्षानुवर्षं कापून काढलेला, आणि बाजूच्या कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आत मिठाचे कण वाढत जातात आणि दगड कणाकणानं सुटत राहतो, त्याची ती नक्षी. संध्याकाळचं तिरकं ऊन त्यावर पडलं ना, की प्रत्येक भोकात वेगळी सावली दिसते. पण ही वाट फक्त ओहोटीलाच चालता येते.

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं नाही, तिथीचं. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आतबाहेर आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. थंडीत सूर्यास्तही तेव्हाच असतो! त्यात हे उधाणाचे दिवस, पाणी एरवीपेक्षा खूप आत जातं, त्यामुळे सगळे खडक उघडे पडतात ते नेमके सोनेरी उजेडात. मला हे कळलं ते एक शनिवार फुकट गेल्यावर. तिथी होती सप्तमी, मी पाच वाजता पायऱ्या उतरलो तर शेवटच्या पायऱ्यांवर लाटा आपटत होत्या, ओटा कुठेच नाही. सातची पाऊणपट सव्वापाच. तेव्हापासून आधी कॅलेंडर बघतो आणि मग टाइड टेबलवर खात्री करतो, कारण थोडा फरक पडतोच.

आता सामान. मजबूत ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच. एका स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणून 10 स्टॉपच्या फिल्टरनं तो हजारेक पटीनं कमी होतो. जिथे 1/30 सेकंद पुरला असता तिथे अर्ध्या मिनिटाच्या वर शटर उघडं ठेवता येतं. फोकस मात्र फिल्टर लावायच्या आधी करा आणि मॅन्युअलवर टाकून ठेवा, नंतर काही दिसत नाही. ट्रायपॉडचे पाय खडकावरच ठेवा, वाळूत ठेवले तर परतणारी लाट खालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा हळूहळू खचतो. आणि दर फोटोआधी लेन्स पुसा, खारे तुषार डोळ्याला दिसत नाहीत, पण फोटोत डाग दिसतात.

पण खरा प्रश्न हा की शटर किती वेळ उघडं ठेवायचं? 1856-57 च्या सुमाराला फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर लाट आणि ढग दोन्ही एकदम नीट येत नसत, म्हणून काही फोटोंसाठी त्यानं समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी अशा जोडून छापल्या. केवढी ती धडपड, लाट लाटेसारखी दिसावी म्हणून! आणि आज आपण मुद्दाम काच लावून तीच लाट पुसून टाकतो. मीही पुष्कळ पुसली, 30 सेकंद, 2 मिनिटं. ढगाळ संध्याकाळी, वारा पडलेला असताना, एकटा सुळका उभा असेल तर ते खरंच सुंदर दिसतं, शांत वाटतं. पण रोज तेच केलं तर हरिहरेश्वर काय आणि दुसरा कुठला किनारा काय, सगळं धुकंच.

म्हणून मी आता अर्ध्या सेकंदावर आलोय. लाट फुटते तेव्हा दाबायचं नाही, थांबायचं. पाणी ओट्यावर चढतं, क्षणभर थबकतं आणि मग खडकातल्या चिरांमधून परत ओघळायला लागतं, फेसाच्या बारीक पांढऱ्या रेघा ओढत, प्रत्येक उंचवट्याला वळसा घालून. तेव्हा दाबायचं. मग पाणी कुठून आलं, कुठे अडलं, कुठून निघालं, सगळं त्या एका फोटोत दिसतं. वीस-पंचवीस फ्रेममधून एखादी साधते.

एवढं मात्र ऐका. पाण्याकडे पाठ करू नका, शेवाळलेल्या खडकावर पाय देऊ नका, आणि पाणी वळलं की कितीही रंग उरलेला असो, सामान आवरा. त्या खडकांवरून माणसं वाहून गेलीयत. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आणि घरी आलात की त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसून उघडेच वाळत ठेवा, नाहीतर पुढच्या अमावास्येला ते मिठानं गच्च बसलेले असतात.