खुंटीवरची चावी

(दृश्य: कुर्ला. प्रीमियर रोडवरची सकाळची वर्दळ.)

मुंबईच्या रस्त्यांवरच्या गाड्या एके काळी मुंबईतच तयार व्हायच्या. इथे, कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९६४ साली फियाट ११०० डिलाइट रस्त्यावर आली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे एकसलग लांब सीट. १९७४पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. आम्ही मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आलो. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांची अँबेसेडर, तशी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची फियाट. अंगावर काळा-पिवळा रंग, डोक्यावर कॅरिअर.

(दृश्य: गिरगाव, ठाकूरद्वार. वाडीचं अरुंद तोंड, आत लाकडी जिने.)

आम्ही सगळे इथल्या एकाच वाडीतले. कुणी बँकेत, कुणी गोदीत, कुणी एलआयसीत. आता एक बोरिवलीला, एक डोंबिवलीला, दोघं ठाण्यात. भेटलो की एकमेकांना अजून गाडीवरून हाक मारतो. हा फियाटवाला, तो हेराल्डवाला, पलीकडे बसलाय तो मारुतीवाला. आणि मी धक्केवाला, म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलणारा. माझ्या नावावर गाडी कधीच नव्हती. पण 'तुमची पहिली गाडी कोणती' असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगतो, फिकट निळी फियाट.

त्या काळी नवी गाडी घेणं म्हणजे नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरायचं. परदेशी गाडी आणायची वाट जवळजवळ बंदच. त्यामुळे ज्याचा नंबर लागला, तो गाडी दुसऱ्याला देऊन वर पैसे घेऊ शकायचा. बाजारात त्याला 'ऑन' म्हणायचे. पगारदार माणसाला ऑन कुठून परवडणार? तो जुनी गाडी बघायचा.

आमच्या फियाटवाल्याची गाडी ग्रँट रोडच्या एका पारशी डॉक्टरांची. पारशाची गाडी म्हटल्यावर पुढे काही विचारायची गरजच नसे. तेलपाणी वेळच्या वेळी, सीटला कव्हर, दारांवर एक ओरखडा नाही. बँकेच्या सोसायटीचं कर्ज, फंडातून काढलेली उचल आणि आईनं मोडायला दिलेल्या पाटल्या, असं करून पैसे उभे राहिले. गाडी वाडीत शिरणं शक्यच नव्हतं, ती रस्त्यावर उभी. मग अख्खी वाडी खाली आली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि पोरं रात्री उशिरापर्यंत काचेला नाक लावून आत बघत राहिली.

(दृश्य: भिंतीवरची खुंटी. तिच्यावर छत्री आणि एक चावी.)

चावी त्याच्या दाराआडच्या खुंटीला असायची. लायसन असलेला कुणीही यायचा, काकूंना सांगायचा आणि घेऊन जायचा. पेट्रोलची वर्गणी व्हायची, हिशेब मात्र कधी झाला नाही. वाडीतल्या किती पोरी बाळंतपणाला त्याच गाडीतून हरकिसनदास हॉस्पिटलला गेल्या! क्रॉफर्ड मार्केटहून आंब्याच्या पेट्या यायच्या त्याच डिकीतून. आमच्यातला पहिला मुलगा आखातात नोकरीला निघाला, तेव्हा सहारच्या विमानतळावर पोचवायला फियाट आणि हेराल्ड दोन्ही निघाल्या, आणि दोन्हींत पाय ठेवायला जागा नव्हती.

गाडी शिकणंही तिच्यावरच. पहाटे पाचला मरीन ड्राइव्ह मोकळा असायचा. शेजारी फियाटवाला, मागे आम्ही तिघं-चौघं, प्रत्येकजण सूचना देणारा. "क्लच सावकाश सोड रे!" वळताना खिडकीतून हात काढून इशारा द्यायचा. ताडदेवच्या आरटीओत साहेब ते हातच नीट बघायचे.

(दृश्य: पाऊस. रस्त्याकडेला उभी जुनी गाडी, बॉनेट उघडं.)

माझी खरी कामगिरी पावसाळ्यात. रात्रभर पाऊस झाला की सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीच्या, आत ओल धरलेली असायची. चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिन नुसतं खोकायचं. फार वेळ मारत बसलं तर बॅटरी बसायची आणि पेट्रोलचा वास सुटायचा. मग तिची कॅप काढून कोरड्या फडक्यानं पुसायची, आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे तुकडे, पॉलिशपेपरनं हलकेच घासायचे, प्लग काढून तव्यावर शेकवायचे. होय, काकूंच्या चहाच्या स्टोव्हवर, पोळीच्या तव्यावर. तरीही नाहीच झालं, तर हाक यायची. गंजीफ्रॉकवर, तोंडात ब्रश असलेले आम्ही खाली उतरायचो. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आम्ही जोर लावून पळतोय, आणि कुणीतरी ओरडतं, "सोड!" एक झटका, मग तो आवाज. तो आवाज ऐकल्यावर होणारा आनंद मी नंतर फार कमी वेळा अनुभवला.

हेराल्डवाल्याची तऱ्हा वेगळी. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासची. ठेंगणी, देखणी, आणि तिचं पुढचं सगळं तोंडच मडगार्डांसकट पुढे उघडायचं. हा गडी चाकावर बसून आरामात इंजिन खोलायचा. पुढे कंपनीनं हेराल्ड काढणं थांबवलं आणि पार्ट मिळेनासे झाले. मग शुक्रवारी पहाटे चोर बाजार. सुट्या भागांच्या ढिगातून तो नेमकं हवं ते उचलायचा. आज सत्तरी उलटली तरी कुठल्याही यंत्रावर हात ठेवून त्याचं दुखणं सांगतो. अशी माणसं त्या गाड्यांनी घडवली, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: मुंबई-गोवा रस्ता, घाटाचं वळण, हिरवा डोंगर.)

आणि गणपतीत कोकण! चिपळूणकडे निघायचं तर पहाटे तीनला गिरगाव सोडायचं. पुढच्या सीटवर तिघं आणि मांडीवर एक पोर, मागे चौघं, वर कॅरिअरवर मखर, वळकट्या, पाण्याचा डबा. शीव, पनवेल, कर्नाळ्याचा अंधार, वडखळला पहिला चहा. माणगाव-महाडपर्यंत गाणी चालायची. पोलादपूर मागे पडलं की आपोआप सगळे गप्प, कारण पुढे कशेडीचा घाट.

एवढं ओझं, एवढा चढ, तर त्या काळची कुठलीही गाडी तापायचीच. इंजिनाच्या धगीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचायचं नाही आणि ऐन वळणावर गाडी मरायची. चाकामागे दगड लावायचे. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हे पोरांनाही पाठ. फडकं ओलं करून इंजिनाजवळच्या त्या पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यांत जास्त आठवतं. डबे उघडायचे, दशम्या आणि लसणाची चटणी निघायची. मागून येणारा ट्रकवाला न सांगता थांबायचा, पाणी हवं का विचारायचा. एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरनं भर घाटात गाडी बाजूला घेऊन आमचा फॅनबेल्ट बसवून दिला. उतारू खाली उतरून आमच्याबरोबर गप्पा मारत उभे. त्यातल्याच एका कुटुंबाशी पुढे आमच्या एलआयसीवाल्याची सोयरीक जुळली.

(दृश्य: पांढरी मारुती ८००, शिवाजी पार्कच्या कट्ट्याशेजारी.)

डिसेंबर १९८३मध्ये दिल्लीत पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि चावी फिरवली की गाडी सुरू. काही वर्षांनी आमच्यातही आली. मारुतीवाल्याची बायको महिनाभरात चालवायला शिकली. वाडीतली स्टिअरिंगवर बसलेली पहिली बाई. लेकीला क्लासला, सासूबाईंना डॉक्टरकडे, ती कुणाची वाट बघत थांबली नाही. तिला गाडी चालवताना बघून आणखी दोघी शिकल्या. हे त्या चिमुकल्या गाडीचं मोठं देणं आहे.

पण धक्क्याची गरज संपली. हळूहळू प्रत्येकाची गाडी झाली, प्रत्येकाची चावी आपापल्या खिशात गेली. कोकणात आम्ही पुढेही गेलो, पण चार गाड्यांतून, वडखळला चहापुरते एकत्र. मला त्याचं वाईट वाटतं. एका गाडीत आठ माणसं कोंबली की घरातल्या सगळ्या गोष्टी बोलल्या जायच्या. कुणाची नोकरी डळमळतेय, कुणाकडे लग्नाला पैसे कमी पडतायत, हे मला त्या मागच्या सीटवर कळलं, आणि पनवेल परत यायच्या आत त्यावर काहीतरी ठरलेलं असायचं.

(दृश्य: काळी-पिवळी टॅक्सी, मीटरचा झेंडा.)

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईच्या रस्त्यांवरून त्या टॅक्सी गेल्या.

निळी फियाट मात्र आहे. ठाण्यात, मुलाच्या सोसायटीत, ताडपत्रीखाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते. फियाटवाला ती न चुकता करतो. पॉइंट सेट करणारा कारागीर आता सहज मिळत नाही, म्हणून दर महिन्याला हेराल्डवाला बोरिवलीहून येतो आणि ते स्वतः बसवतो. यंदा डिसेंबरात ती घेऊन चिपळूणला जायचं ठरलंय. मुलं म्हणतात, आमच्या गाड्या घ्या. ते कुणीही ऐकणार नाही. सध्या वाद एवढाच आहे की पुढच्या सीटवर तिघं कोण बसणार, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मारुतीवाल्याला खिडकी द्यायची की नाही.