पाचच मिनिटांत आलो

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'उष्माघात झालेल्या प्राण्यावरचे प्रथमोपचार' असा छापला आहे, आणि ते मी सांगणार आहेच. पण आधी मला पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे. बंद गाडीत होरपळलेलं जनावर आमच्याकडे येतं तेव्हा मालकाच्या तोंडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, पाचच मिनिटं गेलो होतो हो." दुसरंही ठरलेलं: "काच थोडी उघडी ठेवली होती." ही माणसं खोटं बोलत नसतात. कुत्र्यावर त्यांचा जीव असतो, म्हणून तर ती त्याला बरोबर घेऊन फिरतात. माझं भांडण आहे ते या दोन वाक्यांशी.

जरा हात वर करा बघू. 'आलोच पाच मिनिटांत' म्हणून गाडीतून उतरलेले आणि खरोखर पाच मिनिटांत परत आलेले इथे किती जण आहेत? काकू, काकांचा हात का खाली ओढताय? (हशा) रांग असते, सुटे नसतात, सही करणारा जागेवर नसतो, ओळखीचं कुणी भेटतं. यातलं काहीही आपल्या हातात नाही, हे सगळ्यांना पटतं. जे पटत नाही ते वेगळंच आहे. आपली अशी समजूत असते की गाडी सावकाश तापते, आधी कोमट, मग गरम, आणि धोका असलाच तर तो तासा-दोन तासांनी. प्रत्यक्षात गाडी सगळ्यात झपाट्याने तापते ती सुरुवातीलाच.

२००५ साली 'पीडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात यावर एक अभ्यास आला. जॅन नल हे हवामानशास्त्रज्ञ आणि दोन डॉक्टर, अशा तिघांनी १६ निरभ्र दिवशी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवलं. बाहेर कधी २२ अंश सेल्सिअस होते, कधी ३६. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर जेमतेम २२ अंश असताना, म्हणजे आपण ज्याला छान हवा पडली आहे म्हणतो त्या दिवशीसुद्धा, आत ४७ अंशांपर्यंत पारा चढू शकतो. मग त्यांनी काचा दीड इंच खाली करून पाहिलं. बंद काचांमध्ये दर पाच मिनिटांना सुमारे १.९ अंश वाढ होत होती, ती १.७ झाली. दीड इंचाची सगळी कमाई एवढीच, अंशाचा पाचवा भाग!

असं का होतं, हे सांगताना मला एक जुनी गोष्ट आठवते. वेळ थोडा आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जिनिव्हात ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर नावाचे निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेले. १७६७ च्या सुमारास त्यांनी काचेचं झाकण असलेल्या पेट्या बनवून उन्हात ठेवायला सुरुवात केली. सुधारत सुधारत त्यांनी एक लाकडी पेटी केली, आतून बुचाचं अस्तर, वर काचेची तीन तावदानं. तिच्यात तापमान सुमारे ११० अंशांवर गेलं, म्हणजे पाणी उकळतं त्याच्याही पुढे. इंधन काही नाही, फक्त ऊन. पण माझ्या दृष्टीने खरी कमाल पुढे आहे. हे गृहस्थ आपली पेटी घेऊन डोंगरावर चढले. माथ्यावर हवा चांगलीच गार होती, पायथ्याशी उबदार. पेटीच्या आतलं तापमान मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. बाहेरच्या हवेला पेटीने फारशी दादच दिली नाही. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे दाखवून ठेवलं आहे, आणि आपण आजही हात खिडकीबाहेर काढून म्हणतो, 'आज काही तेवढं गरम नाही.'

पुढे १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक चकती. काच उष्णतेची प्रारणं अडवते, मीठ ती जाऊ देतं. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य करामत कोंडलेल्या हवेची. तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही, तिच्या जागी गार हवा येत नाही. आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, हवा कोंडल्यामुळेच तापत असेल तर काच खाली केल्यावर फरक पडायला हवा. पडेल की, छप्पर उघडलंत तर पडेल! चार बोटांच्या फटीतून तेवढी हवा बदलत नाही. लहान गाडीत हवा असते किती? तीनेक घनमीटर, म्हणजे वजनाने साडेतीन किलो. आणि स्वच्छ उन्हात एक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. पुढची काचच जवळपास तेवढी मोठी असते. डॅशबोर्ड तापतो, सीट तापतात, आणि त्या साडेतीन किलो हवेला ते सतत तापवत राहतात.

त्या हवेत आता कुत्रा बसवा. वीस किलोचा कुत्रा नुसता पडून राहिला तरी त्याच्या शरीरात तीसेक वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला त्याच्याकडे आपल्यासारखा घाम नाही; घामाच्या ग्रंथी काय त्या पंजाच्या गाद्यांना, आणि त्यांनी काही साधत नाही. त्याचा सगळा भरवसा जिभेवर, नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवर आणि धापांवर. फक्त स्वतःची उष्णता घालवायची तरी त्याला तासाला चाळीसेक ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. ती वाफ जाते कुठे? त्याच तीन घनमीटरांत. दमट दिवसात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तशी मग जिभेवरची ओल उडेनाशी होते. तो आणखी जोरात धापा टाकतो, त्या मेहनतीने स्नायू आणखी तापतात. जीव वाचवण्याची जी एकच युक्ती त्याला ठाऊक आहे, तीच त्याच्यावर उलटते.

हे मी एका गाडीत पाहिलं आहे. आमच्याकडे एक लॅब्राडॉर आणला होता, हिरड्या विटकरी लाल, जीभ टोकाला पसरट होऊन लोंबणारी, ताप ४२ च्या वर. त्याला सलाइन लावून झाल्यावर मी बाहेर जाऊन गाडी पाहिली. मागची काच खरंच चार बोटं खाली होती, मालक बोलले ते अक्षरशः खरं होतं. काचेला आतून दव धरलं होतं, आणि त्या दवात नाकाचे ठसे होते, एकावर एक, सगळे त्या फटीच्या खालच्या बाजूला. फटीजवळचं रबर कुरतडलेलं होतं. सीटवर लाळेचे डाग. त्याला हवा कुठून येते ते बरोबर कळलं होतं, आणि होती नव्हती ती ताकद त्याने तिथेच लावली होती. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, शेपटी हलवली, घरच्यांनी फोटो काढले. मग मूत्रपिंडं बंद पडली, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मालक रांगेत अडकले होते, एवढंच घडलं होतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. बरं.

झाडाखाली गाडी लावतो, असं म्हणणाऱ्यांसाठी: अॅरिझोनाच्या कडक उन्हाळ्यात घेतलेली मोजमापं २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उन्हातल्या गाडीत तासाभराने हवा सरासरी ४७ अंशांच्या आसपास आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीत हवा ३८. कुत्र्याचं स्वतःचं तापमानच ३८ ते ३९ असतं, तेव्हा ही सावली काय कामाची? शिवाय सावली सरकते. एसी चालू ठेवून जाणाऱ्यांसाठी: इंजिन बंद पडतं, कॉम्प्रेसर दगा देतो, कुत्र्याचा पाय बटणावर पडतो. पोलिसांचे प्रशिक्षित कुत्रेसुद्धा एसी बंद पडलेल्या गाड्यांमध्ये दगावले आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये २०१६ सालच्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्णतेच्या आजाराचं सर्वांत मोठं कारण व्यायाम हे निघालं. गाडीचा वाटा त्यामानाने लहान. उष्णतेने आजारी पडलेल्यांपैकी साधारण १४ टक्के दगावले. पण पळून दमलेला कुत्रा निदान सावलीला जाऊन पडू शकतो. गाडीचं दार त्याला उघडता येत नाही. त्याच अभ्यासात बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींना धोका कितीतरी जास्त आढळला. पग जातीलाही तोच नियम लावा. म्हातारे, लठ्ठ, हृदयाचे आजारी कुत्रे त्यांच्याच रांगेत.

आता प्रथमोपचार, भराभर. पण आधी लक्षणं: थांबत नाहीत अशा धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या, मग झोकांड्या, उलटी, जुलाबात रक्त, झटके, शुद्ध हरपणं. धापा जोरात चालू आहेत तोवर वेळ आहे. त्या अचानक थंडावल्या तर कुत्र्याला बरं वाटतंय असं समजू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते आधीच गंभीर आहे.

आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात आणि वाटेतली मोलाची वेळ घालवतात. सावलीत आणा, मिळेल ते पाणी अंगावर ओता. ते कुत्र्यापेक्षा गार असलं की झालं. पोट, काखा, जांघा भिजू द्या आणि वारा घाला. धडधाकट, शुद्धीवरच्या कुत्र्याला डोकं वर धरून गार पाण्यात बसवलं तरी चालतं. म्हातारा किंवा आजारी असेल तर ओतणं आणि वारा घालणं बरं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता आत कोंडतो. पाणी प्यायला पुढे ठेवा, घशात ओतू नका. थर्मामीटर असेल तर साडेएकोणचाळीसला थांबा. एकाने गार करत राहायचं, दुसऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा, आणि नेताना गाडीचा एसी पूर्ण चालू.

दुसऱ्याच्या गाडीत प्राणी दिसला तर? गाडीचा नंबर टिपा, जवळच्या दुकानांतून, इमारतींतून घोषणा करायला सांगा, पोलिसांना कळवा, आणि कुणीतरी गाडीपाशी थांबा. काच फोडण्याबद्दलचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ पासून सामान्य माणसाला ती मुभा आहे, पण दार खरंच लॉक आहे ना ते पाहायचं, आधी अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि ते येईपर्यंत प्राण्याजवळ थांबायचं, अशा अटींवर. आपल्याकडे नियम काय आहे ते आज घरी जाऊन शोधून ठेवा. ऐन वेळी शोधायला कुणालाच सुचत नाही.

आणि कुत्रा सावरला, खेळायला लागला, तरी त्याच दिवशी तपासून घ्या. रक्त गोठण्यातला बिघाड, यकृत आणि मूत्रपिंडांचं नुकसान एक ते तीन दिवसांनी उघडं पडतं, आणि रक्ततपासणीत ते आधी दिसू शकतं. ससे आणि पक्षी राहिलेच, त्यांचं गणित आणखी नाजूक आहे. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबा, मी येतो.