रविवारची सायकल, सोमवारचा रस्ता

(दृश्य: महामार्ग, आकाशातून. मोटार एकही नाही.)

१८ जुलै २०१०. वार रविवार. जर्मनीच्या रुर खोऱ्यातला ए-४० महामार्ग. डुइसबुर्ग ते डॉर्टमुंड, ६० किलोमीटर, मोटारींना पूर्ण बंद. एका बाजूला २० हजार टेबलं मांडलेली. कुणी जेवतंय, कुणी पत्ते कुटतंय, कुणाचा बँड वाजतोय. दुसरी बाजू चाकांची. सायकली, स्केट्स, बाबागाड्या. दिवसभरात सुमारे ३० लाख माणसं आली. आणि ज्या रस्त्यावर एरवी मोटारी तासन्‌तास अडकतात, तिथेच त्या दिवशी सायकलींची कोंडी झाली. लोक खाली उतरून सायकल हातानं ढकलत चालले होते, आणि तरी खुशीत होते.

त्या वर्षी एसेन शहर, आणि त्याच्यासोबत सगळं रुर खोरं, युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. हा सोहळा त्यातलाच. म्हणजे हे ना आंदोलन होतं, ना वाहतुकीचा सरकारी प्रयोग. ही कला होती, निदान कलेच्या पैशातून झालेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मोटारी परत आल्या.

(दृश्य: झुडपांमधून जाणारी वाट, जुना लोखंडी पूल.)

रुर खोरं म्हणजे एकमेकांना चिकटलेली ५३ गावं-शहरं आणि ५० लाखांवर माणसं. दीडशे वर्षं इथे कोळसा आणि पोलाद याशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटची दगडी कोळशाची खाण बोट्रोपमधली. २१ डिसेंबर २०१८ला ती बंद झाली, तेव्हा वर आलेलं कोळशाचं शेवटचं ढेकूळ खाणकामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हातात ठेवलं. ‘ग्ल्युक आउफ’, म्हणजे खाणीतून सुखरूप वर या, हा खाणकामगारांचा रामराम मात्र अजून कानावर पडतो.

खाण बंद झाली की रूळ उचलून भंगारात जातात. भराव तिथेच राहतो. आणि इथे भराव काही थोडेथोडके नाहीत. खाणीपासून भट्टीला, भट्टीपासून बंदराला मालगाड्यांच्या वाटा फुटलेल्या. बोखुमच्या पोलाद कारखान्याला लागणारं लोहखनिज गेल्सेनकिर्शेनच्या कालव्यावरच्या बंदरात उतरायचं आणि खास त्याच्यासाठी बांधलेल्या लोहमार्गानं कारखान्यात यायचं. आज त्याच भरावावर सायकलची वाट आहे. मालगाडीला चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी उतार अगदी हलका ठेवला. वाटेत रस्ते आडवे येऊ नयेत म्हणून वरून पूल टाकले. सायकलस्वाराला तरी याहून वेगळं काय हवं असतं? इंजिनाचे लाड केले होते, ते गुडघ्यांच्या कामी आले.

नदीची गोष्ट याहून विचित्र आहे. जमिनीखालून कोळसा काढला की वरची जमीन खचते. खचत्या जमिनीत गटाराचे नळ टिकत नाहीत. म्हणून एम्शर या नदीलाच उघडं गटार बनवलं गेलं. काँक्रीटच्या पन्हाळीतून, कुंपणाआड, ती शंभरावर वर्षं सगळ्या खोऱ्याची घाण वाहत राहिली. खाणकाम उत्तरेकडे सरकलं, इथली जमीन खचायची थांबली, तेव्हा १९९२पासून जमिनीखाली सांडपाण्याची वाहिनी बांधण्याचं काम सुरू झालं. २०२१ संपता संपता नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. पन्हाळीच्या देखभालीसाठी कडेनं जे रस्ते होते, पूर्वी लोकांना मज्जाव असलेले, त्यातले कितीतरी आता सायकलींचे झाले.

(दृश्य: कालव्यावरचा रंगीत पूल.)

या वाटेवर कलाकार आले ते २०१०, २०१३ आणि २०१६ अशा तीन मोठ्या प्रदर्शनांमधून. एम्शरच्या काठानं विखुरलेली, आणि पाहायची तर सायकलवरून. त्यातली वीसहून अधिक कामं आता कायमची तिथे आहेत. ओबरहाउझेनमध्ये टोबियास रेबर्गरनं कालव्यावर वेटोळ्यांच्या स्प्रिंगसारखा पादचारी पूल टाकलाय. बोट्रोपच्या जुन्या सांडपाणी केंद्रात काँक्रीटचे गटाराचे नळ आहेत. आत बिछाना, रात्रीचं भाडं तुमच्या मर्जीनं. आणि एका डच कलाकारगटानं लाकडी खोल्यांचा एक पूल उभारला, जिथे लोक मुक्काम करत. नाव, ‘नदीची वाट पाहताना’. खाली नदी नव्हतीच. यायची होती.

हे सगळं सुंदर आहे. पण स्पष्ट बोलायचं तर ही रविवारची कला आहे. खाणमातीच्या टेकडीवर शिल्प असलं की माणूस सायकल मोटारीच्या टपावर बांधतो, टेकडीपर्यंत मोटारीनं येतो, चक्कर मारतो, घरी जातो. सोमवारी कामावर जायला पुन्हा मोटारच.

सोमवारसाठी ज्याच्यावर भिस्त होती तो रस्ता आहे आरएस-१. डुइसबुर्ग ते हाम, १०१ किलोमीटर, सायकलींचा जलदगती मार्ग, त्यातही बराचसा जुन्या लोहमार्गावरून. म्युलहाइम आणि एसेनमधला पहिला तुकडा २०१५मध्ये खुला झाला आणि देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकला. बाकीचा बहुतेक रस्ता ठरल्या मुदतीत झालाच नाही. जमीन कोणाची, पूल कोणाचा, कोणत्या पालिकेचा खर्च. ५३ गावांचा संसार आहे, भांडी वाजणारच.

(दृश्य: रिकामी खोली, भिंतीला टेकवलेली सायकल.)

इथे रेसिडेन्सीचा विषय येतो. कलाकाराला काही आठवडे किंवा महिने राहायला जागा, कामाला वेळ आणि थोडे पैसे. या खोऱ्यात सांस्कृतिक राजधानीच्या वर्षानंतर उभी राहिलेली ‘उर्बाने क्युन्स्टे रुर’ ही संस्था सार्वजनिक जागांवरच्या कलेचं काम करते, कलाकारांना मुक्कामालाही बोलावते. प्रदर्शनाला आलेला माणूस काम उभं करून निघून जातो. मुक्कामाला आलेल्याला दूध आणायला जावं लागतं. पावसात, ट्रामच्या रुळांमधून, अचानक संपणाऱ्या सायकलपट्टीवरून. गाव कळायला एवढं पुरतं.

आणि मग त्याच्या हाती ब्राँझ किंवा पोलादाहून चांगलं साहित्य लागू शकतं. ते जर्मनीच्या रस्तावाहतूक नियमांत आहे, कलम २७. पंधराहून अधिक सायकलस्वार एकत्र चालले असतील, तर तो एक जथा. दोघादोघांनी शेजारी चालण्याची त्यांना मुभा, आणि कायद्याच्या नजरेत सगळे मिळून एक वाहन. पंधरा म्हणजे पंधरा सायकली. सोळावा आला की एकच लांबलचक गाडी. अशी व्याख्या एखाद्या शिल्पकारालाही सुचली नसती. दर महिन्याला क्रिटिकल मास नावानं निघणाऱ्या सायकलफेऱ्या याच कलमावर चालतात. त्यांना प्रमुख नाही, परवाना नाही, तिकीट नाही.

(दृश्य: एसेन, संध्याकाळ. सिग्नल.)

पहिला सायकलस्वार हिरव्यावर निघतो. दिवा लाल होतो. दुसरा जातो, पाचवा जातो, नववा जातो. गाडीचं तोंड पलीकडे, शेपूट अजून अलीकडे. आडव्या रस्त्यावर मोटारी थांबल्यात. कुणीतरी हॉर्न वाजवतं. उत्तरादाखल पंचवीस-तीस घंट्या.

आज रविवार नाही. शुक्रवार आहे, लोक कामावरून सुटलेत.